गाडीचा स्क्रीन आतून बिघडलाय का? शोधायचं कसं?

ऑगस्ट २०२४मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा समा, कारेलीबाग, मुजमहुडा या भागांतल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी ओसरलं, सीटा-गालिचे उन्हात वाळले, इंजिनंही सुरू झाली. पुढच्या दोन-तीन महिन्यांत मात्र डॅशबोर्डवरचे स्क्रीन एकेक करून बंद पडायला लागले. दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात लोक नुसतं युनिट, म्हणजे स्क्रीन आणि त्याच्यामागचा डबा, काढून पिशवीतून आणायचे. फ्यूज, अर्थ (गाडीच्या बॉडीला जाणारी निगेटिव्ह जोडणी), मागच्या वायरी सगळं गाडीत, आणि गाडी घरी. "काका, आधी गाडी घेऊन या," असं सांगून कितीजणांना परत पाठवलं असेल!

रिपेरिंगच्या कामात नव्यानं उतरणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मोबाइल दुरुस्ती येते, सोल्डरिंगचा हात बसलाय, पण गाडीच्या वायरिंगची धास्ती वाटते, असे खूपजण भेटतात. उलटेही भेटतात: वायरिंग तोंडपाठ, पण बोर्ड उघडला की हात थांबतो. या कामाला दोन्ही लागतं. बाहेरचं सगळं तपासून झाल्यावरच बिघाड आत आहे असं म्हणता येतं. आणि माझ्याकडे आलेल्या युनिटांपैकी बरीचशी उघडायची वेळच आली नाही.

डब्यात असतं काय

हा एकाच डब्यात बसवलेला कॉम्प्युटर, रेडिओ आणि अँप्लिफायर आहे. त्याला दोन मेंदू असतात, हे नीट लक्षात ठेवा. एक छोटा मायक्रोकंट्रोलर. तो गाडी बंद असतानाही अर्धवट जागा असतो, किल्ली फिरली का, बटण दाबलं का, याकडे कान लावून बसतो आणि योग्य वेळी वीज पुढे सोडतो. दुसरा मोठा प्रोसेसर. तो रॅम आणि ईएमएमसी नावाची साठवणुकीची चिप घेऊन सगळं सॉफ्टवेअर चालवतो. १२ व्होल्टपासून ५, ३.३, १.८ आणि प्रोसेसरसाठी एखादा व्होल्ट असे वेगवेगळे व्होल्टेज तयार करणारा भाग वेगळा. मागच्या जाड अॅल्युमिनियमच्या हीटसिंकला चिकटलेला असतो तो आवाजाचा आयसी. रेडिओचा ट्यूनर, ब्लूटूथ-वायफाय, जीपीएस आपापल्या कोपऱ्यात. पुढचा स्क्रीन आणि टच चपट्या रिबन केबलनं जोडलेले.

बटणांचे दिवे लागतायत पण स्क्रीन काळा, याचा अर्थ बहुधा छोटा मेंदू जिवंत आहे आणि मोठा उठत नाही, किंवा उठलाय पण स्क्रीनपर्यंत पोचत नाही. काहीच लागत नसेल, तर आधी बाहेर बघा.

मीटर काढण्याआधी विचारा

गाडीवाल्याला पाच मिनिटं बोलू द्या. बॅटरी अलीकडे बदलली का? दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट केली होती का? नवा कॅमेरा, डॅशकॅम, सबवूफर बसवला का? अपडेट केला का? सकाळी चालतो आणि दुपारी बंद पडतो, असं आहे का?

उत्तरातच निम्मी दिशा मिळते. जंप स्टार्टनंतर लगेच मेला असेल, तर आतला इनपुटचा संरक्षक डायोड शॉर्ट झाल्याची शक्यता मोठी. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतच बंद पडत असेल आणि एसी लावल्यावर अर्ध्या तासानं परत येत असेल, तर ड्राय सोल्डर (चिरलेला सोल्डरचा जोड), अडकलेला पंखा किंवा तापणारी चिप. अपडेटनंतर लगेच असेल, तर सॉफ्टवेअर. काही बसवून आणल्यानंतर असेल, तर ते बसवताना कुठली वायर कापून जोडली, ते आधी उघडून बघा.

बडोद्याच्याच अकोटा भागातले एक काका आले होते. म्हणाले, "ताई, चालू तर होतं, पछी सगळं विसरून जातं." दर वेळी गाडी सुरू केली की घड्याळ बारापासून, ब्लूटूथ नव्यानं जोडायचं, रेडिओची स्टेशनं पुसलेली. एका वर्कशॉपनं त्यांना आख्खं युनिट बदलायला सांगितलं होतं. पण आठवण जाते, म्हणजे गाडी बंद असताना मिळणारा कायमचा पुरवठा जातोय. फ्यूजच्या पट्टीत ओल जाऊन एका खाचेत हिरवा गंज चढला होता. तो साफ केला, टर्मिनल बदललं, काम झालं. त्या काकांनी युनिटची रक्कम भरली असती आणि गाडी पुन्हा तशीच विसरत राहिली असती, याचं मला आजही वाईट वाटतं.

तीन वायरी

युनिटला जगायला तीन गोष्टी लागतात: कायमचा १२ व्होल्ट, किल्ली फिरल्यावर येणारा १२ व्होल्ट (याला सगळे एसीसी म्हणतात) आणि अर्थ. त्या गाडीचा वायरिंग डायग्रॅम मिळवा. रंगावरून अंदाज करू नका. कंपनी बदलली की रंग बदलतात.

बॅटरी तासभर विसावलेली असेल तर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवा, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. बॅटरीच थकलेली असेल तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतकं खाली जातं की युनिट रिसेट होतं, आणि गाडीवाला म्हणतो स्क्रीन खराब आहे. म्हणून स्टार्ट मारताना मीटरकडे बघा.

नवीन माणसाची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. तुम्ही कनेक्टर काढून मीटर लावता, १२.४ व्होल्ट दिसतो, आणि पुरवठा ठीक आहे असं वहीत लिहिता. पण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस गंजून तुटल्या असल्या तरी उरलेली एक तार मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. युनिटनं दीड अँपिअर मागितला की तोच पुरवठा कोसळतो. म्हणून मी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट ठेवते. कनेक्टरवर कायमच्या पुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनांना तो लावायचा. सुमारे पावणेदोन अँपिअर ओढून तो झगझगीत पेटला, आणि पेटलेला असताना व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त पडलं नाही, तर पुरवठा खरा. मंद पेटला तर वायर, फ्यूजचं टर्मिनल किंवा अर्थचा बोल्ट शोधा. हा बल्ब फक्त पुरवठ्याच्या पिनांना लावायचा. सिग्नलच्या पिनांना चुकूनही नाही. एसीसीची वायर अनेक गाड्यांत नुसता इशारा देते, तिथे मीटर पुरतो.

अर्थसाठी वेगळी चाचणी. युनिट चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं युनिटच्या अर्थ पिनवर. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवं. अर्धा व्होल्ट दिसला की अर्थ खराब. आवाजातली घरघर आणि मध्येच रिसेट होणं, या तक्रारी अनेकदा एवढ्याशा गोष्टीनं जातात.

गाडीशी बोलणं

कंपनीनं बसवलेलं युनिट बहुतेक वेळा कॅन नेटवर्कवर असतं, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींच्या (कॅन हाय, कॅन लो) लाइनवर. काही गाड्यांत एसीसीची वायरच नसते, कॅनवर संदेश आला की युनिट जागं होतं. म्हणून हे तपासल्याशिवाय युनिट काढू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, युनिटच्या कनेक्टरवर कॅन हाय आणि कॅन लो यांच्यामध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर समांतर असतात, म्हणून ६०च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर लाइन कुठेतरी तुटलीय, किंवा टोकाचा रेझिस्टर कनेक्टरबरोबर सुटला. काही गाड्यांत तो युनिटमध्येच असतो, तेव्हा डायग्रॅम बघा. शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. बॅटरी परत लावून किल्ली चालू केल्यावर हाय २.५ व्होल्टच्या थोडं वर, लो थोडं खाली दिसतं.

गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावलात तर बी आणि यू या अक्षरांनी सुरू होणारे कोड वाचा. यू०१८४ म्हणजे रेडिओशी संपर्क तुटला. पण हा कोड रेडिओ मेला असं सांगत नाही, रेडिओचं उत्तर येत नाही एवढंच सांगतो. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनपलीकडे बघतच नाही, त्यामुळे त्यावर कोड न दिसणं हा पुरावा धरू नका.

युनिट बाहेर काढताना

यात घाई नको. आधी त्या गाडीला रेडिओ कोड (वीज तुटल्यावर युनिट मागतं तो आकडा) लागतो का ते मालकाला विचारा आणि मिळवून ठेवा. काही कंपन्यांची युनिटं त्या गाडीच्या चासी नंबराशी बांधलेली असतात, दुसऱ्या गाडीचं जुनं युनिट आणून लावलं तर चालत नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा. शेजारच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, मीटरसुद्धा नाही. ते एअरबॅगचे असतात. क्लिपा काढायला प्लॅस्टिकची पट्टी वापरा. स्क्रू ड्रायव्हरनं डॅशबोर्डवर पडलेला ओरखडा गाडीवाला वर्षानुवर्षं बघतो. कनेक्टर सोडण्याआधी फोटो घ्या.

टेबलावर करंट बघा

इथून आतला शोध सुरू. व्होल्टेज, करंट दोन्ही दाखवणारा आणि करंटला मर्यादा घालता येणारा बेंच सप्लाय हवा. तो नसेल तर हे काम करू नका, कारण बॅटरी थेट लावली आणि आत शॉर्ट असला तर ट्रॅक जळतो. १२.५ व्होल्ट, मर्यादा ३ अँपिअर. कायमचा पुरवठा आणि अर्थ जोडा, मग एसीसी. आणि आकड्याकडे बघत राहा.

कायमचा पुरवठा देताच सप्लाय मर्यादेला भिडला आणि व्होल्टेज कोसळलं, तर इनपुटलाच शॉर्ट. बहुधा तो संरक्षक डायोड, नाहीतर आवाजाचा आयसी, कारण त्याला १२ व्होल्ट थेट जातो. एसीसी दिल्यावरही आकडा शून्याजवळच राहिला, तर आतला फ्यूज, ट्रॅक किंवा छोटा मेंदू. पण लक्षात ठेवा, कॅनवर जागं होणारं युनिट टेबलावर गप्प बसणारच. तिथे पॉवरचं बटण दाबून बघा किंवा गाडीतच लांब वायरींवर तपासा. करंट चढला, अर्ध्या ते दीड अँपिअरवर स्थिरावला आणि तरी स्क्रीन काळा, तर कॉम्प्युटर चालू आहे, दिसत नाहीये. आणि चढतो, दहा-वीस सेकंद राहतो, धाडकन पडतो, परत चढतो, हे एकसारखं चालू असेल तर बूट, म्हणजे सॉफ्टवेअर सुरू होणं, अर्ध्यावर अडकतोय. मी हे आकडे सेकंदांसकट वहीत लिहिते. महाराज सयाजीरावांनी १८९०मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात मी शिकले. तिथे आकडा लिहिल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही, ही शिस्त हातात बसली. तीच आज पोट भरते.

बोर्ड उघडल्यावर

आधी डोळे आणि नाक. भिंगातून बघा: काळा डाग, फुगलेला कपॅसिटर, कनेक्टरच्या पायांभोवती हिरवट-पांढरी बुरशी, मोठ्या कॉइलच्या पायाशी केसासारखी गोल चीर. ती चीर म्हणजे ड्राय सोल्डर. दुपारी बंद पडणाऱ्या युनिटांत मी आधी तेच शोधते.

मग पुरवठे मोजा. इनपुटपासून सुरुवात करून ५, ३.३, १.८ असं पुढे. प्रत्येक स्विचिंग आयसीशेजारी कॉइल असते. कॉइलच्या बाहेरच्या टोकाला मीटर लावला की तो पुरवठा आहे की नाही कळतं. जो नसेल, तिथे सप्लाय बंद करून अर्थशी ओहम मोजा. इथे पुष्कळजण चुकतात: प्रोसेसरच्या एक व्होल्टच्या पुरवठ्याला काही ओहमच दिसणं साहजिक असतं. तो शॉर्ट समजून चांगली चिप उपटलेली मी पाहिली आहे. ३.३ व्होल्टच्या लाइनला अर्धा ओहम दिसला तर मात्र शंका घ्या.

शॉर्ट नक्की कुठला ते शोधायला सोपी युक्ती आहे. बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर द्या आणि त्या लाइनला बेंच सप्लायमधून कमी व्होल्टेज सोडा. शॉर्ट झालेला भाग तापतो, तिथलं अल्कोहोल आधी उडतं आणि कोरडा ठिपका दिसतो. बहुतेक वेळा तो एक तांदळाएवढा कपॅसिटर निघतो. सोडलेलं व्होल्टेज त्या लाइनच्या मूळ व्होल्टेजपेक्षा कधीही जास्त नको. एक व्होल्टच्या लाइनला पाच दिलेत तर प्रोसेसर कायमचा गेला. अल्कोहोल पेट घेतं. पंखा चालू, सोल्डरिंग आयर्न लांब.

इनपुटचा डायोड शॉर्ट निघाला तर तो काढल्यावर युनिट चालू होतं. तसंच बंद करून देऊ नका. पुढच्या झटक्याला त्याच्यामागचं सगळं जाईल. नवा बसवाच.

बूट अडकतो तेव्हा

सगळे पुरवठे ठीक, करंट चढ-उतार करतोय, स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह येतं आणि जातं. आता दोनच मोठे संशयित: सॉफ्टवेअर आणि ईएमएमसी. ही चिप ठरावीक वेळाच लिहून-पुसून घेते, नंतर झिजते. टेस्लाने २०२१मध्ये अमेरिकेत सुमारे १,३५,००० मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. त्यांतली ८ जीबीची चिप सततच्या लिखाणानं झिजत होती आणि स्क्रीनबरोबर मागचा कॅमेराही जात होता.

सॉफ्टवेअरचा बिघाड किती अनपेक्षित जागेवरून येतो, याचंही उदाहरण आहे. जानेवारी २०२२मध्ये सिएटलच्या केयूओडब्ल्यू या रेडिओ स्टेशननं डिजिटल प्रसारणाबरोबर पाठवलेल्या चित्रांच्या फाइलींना नावापुढची ओळख, म्हणजे एक्स्टेन्शन, नव्हती. ते स्टेशन ऐकणाऱ्या २०१४ ते २०१७च्या काही माझदा गाड्यांची युनिटं पुन्हा पुन्हा रिसेट होत राहिली. त्यामुळे काय वाजवत असताना किंवा कुठला पेनड्राइव्ह लावल्यावर बंद पडलं, हे विचारायला विसरू नका. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, फोन सगळं काढून एकदा बूट होऊ द्या.

मग रिसेट, मग त्याच मॉडेलचा, त्याच व्हेरियंटचा अधिकृत अपडेट. अपडेट चालू असताना गाडीला चार्जर लावून ठेवा. मध्येच वीज गेली तर चांगलं युनिटही मरतं. अपडेट दर वेळी एकाच टक्क्यावर अडकत असेल तर चिपवर संशय पक्का. ती काढून, डेटा वाचून नव्या चिपवर घालण्याचं काम हॉट एअर आणि प्रोग्रामर हाताळायची सवय झाल्याशिवाय हाती घेऊ नका. त्या चिपमध्येच गाडीची ओळख असते, ती गेली तर परत मिळत नाही. जाणत्या माणसाकडे पाठवायला लाजू नका.

स्क्रीन, टच, आवाज

काळ्या स्क्रीनवर टॉर्च तिरका धरा. अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाइट किंवा त्याचा ड्रायव्हर गेलाय, बाकी युनिट ठीक. आपोआप बोटं फिरल्यासारखं होत असेल तर आधी स्क्रीनवरची काच-फिल्म काढा, कडेनं ओल गेलीय का बघा. अँड्रॉइड युनिटला यूएसबी माउस लावून सगळं चालतंय का पाहिलं की बिघाड टचपुरता आहे हे कळतं.

आवाज पूर्ण गेला असेल तर लगेच आयसी बदलू नका. दाराच्या रबरी नळीत चिरडलेली एक स्पीकरची वायर बॉडीला लागली, तरी आयसी स्वतःला वाचवायला चारही स्पीकर बंद करतो. युनिटचा कनेक्टर काढून प्रत्येक जोडी मोजा: चार ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो, आणि बॉडीशी काहीच दाखवायला नको. युनिट चालू असताना स्पीकरच्या दोन्ही वायरींवर अर्थच्या तुलनेत सहा-सात व्होल्ट दिसतात, हे नेहमीचंच आहे. एका जोडीतल्या दोघींत फरक दिसला तर तो चॅनेल गेला. स्पीकरची निगेटिव्ह वायर अर्थला कधीच जोडायची नाही.

पुरात भिजलेलं युनिट

पहिला नियम: चालू करून बघू नका. ओल्या बोर्डवर वीज आली की तांबं काही मिनिटांत खाल्लं जातं. आपल्याकडच्या पुराचं पाणी म्हणजे नदी, गटार आणि गाळ एकत्र. नुसतं वाळवलं तर क्षार बोर्डवरच राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात दमट हवेनं पुन्हा काम सुरू करतात. म्हणून बॅटरी काढा, युनिट बाहेर, पूर्ण उघडा, रिबन काढा. डिस्टिल्ड पाण्यानं गाळ धुवा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिलनं मऊ ब्रशनं, शिल्डचे पत्रे काढून त्यांच्याखालीसुद्धा. स्क्रीनचा भाग बुडवू नका. कोमट जागी पूर्ण दिवस वाळवा. हेअर ड्रायरची जोराची हवा पाणी चिपांच्या खाली ढकलते.

आणि फक्त डॅशबोर्ड बघू नका. अनेक गाड्यांत अँप्लिफायर सीटखाली किंवा डिकीत असतो. पाणी स्क्रीनपर्यंत पोचलंच नाही, तरी तो आधी भिजतो आणि कॅनची लाइन ओढून धरतो. पुरानंतरच्या त्या महिन्यांत "स्क्रीन गेला" म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत मला चिखल सीटखालीच सापडला.

परत बसवल्यावर

रेडिओ, ब्लूटूथवरचा फोन, मागचा कॅमेरा, स्टेअरिंगची बटणं, चारही स्पीकर, जीपीएस, सगळं गाडीवाल्यासमोर तपासा. मग अर्धा तास गाडी चालू ठेवा, शक्यतो उन्हात. शेवटी गाडी बंद करून लॉक करा, वीस-तीस मिनिटं थांबा आणि बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर क्लॅम्प मीटरनं करंट मोजा. बहुतेक गाड्यांत तो ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. जास्त दिसला तर युनिटचा फ्यूज काढून पुन्हा मोजा. आकडा खाली आला, तर युनिट झोपत नाहीये. तेव्हा गाडी देऊ नका, कॅनच्या ओहमपासून पुन्हा सुरू करा.